पन्नास वॉट

कोस्केलाबाईंच्या बागेत अकरा दिवे.
सात बर्चच्या बुंध्यांशी, तीन दगडी पायऱ्यांना,
एक मागच्या दाराजवळ, जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेला.
सगळे हॅलोजन, पितळी घरांतले, आता हिरवट पडलेले.
त्यांच्या नवऱ्यानं, तोइवोनं, स्वतः बसवलेले,
केबल इतकी वर की खुरप्यालाही लागावी.
(वीतभर खोल घाल, मी तेव्हाच म्हटलं होतं.)

ऑक्टोबरात मी बदलायला गेलो.
डुलुथचा ऑक्टोबर म्हणजे सरोवरावरून कापत येणारा वारा
आणि हातमोज्यांतून निसटणारे स्क्रू.
हिशेब समजावला: पितळ तेच, आत एलईडी,
पन्नासच्या जागी पाच वॉट.
बाईंनी एकच विचारलं, "रंग?"
म्हटलं, सत्तावीसशे केल्विन. तोच. फरक कळणार नाही.

तीस वर्षं लोकांच्या बागांत दिवे लावतोय
(आयुष्यात काय दिवे लावलेस, असं कुणी विचारलं
तर पत्त्यांसकट यादी देईन)
आणि एवढं एक खोटं प्रत्येक गिऱ्हाइकाशी बोलतो.
कळतो फरक.

गॅरेजात ट्रान्सफॉर्मरच्या डब्यावर
एक हातरुमाल होता, निळ्या चौकटींचा, घडी घातलेला.
हॅलोजन फार सोवळा.
उघड्या बोटांनी शिवलात तर कातडीचं तेल काचेला लागतं
आणि तापला की नेमका तिथूनच तडकतो.
नवे मी नुसत्या हातांनी बसवले.
त्यांना कशानंच काही होत नाही.

संध्याकाळी स्विच टाकला.
ट्रान्सफॉर्मरची गुणगुण जवळजवळ ऐकूच येईना.
बर्चची साल न साल दिसली.
बाई खिडकीत उभ्या, बराच वेळ.
"छान," म्हणाल्या,
आणि पडदा तसाच ठेवून आत गेल्या.

फेब्रुवारीत फोन: "दिवे गेले."

दीड फूट बर्फ. फावडं, मीटर, विजेरी.
टायमर पाहिला, जोड पाहिले. बारा व्होल्ट, बिनचूक.
मग विजेरी बंद केली, तेव्हा दिसले:
अकराच्या अकरा चालू, बर्फाच्या आत,
रजईखाली पोरानं चोरून पुस्तक वाचावं तसे.

हे मला आधी सुचायला हवं होतं.
जुने दिवे आपल्यापुरता बर्फ वितळवून घेत.
प्रत्येकाभोवती परातीएवढा खळगा, कडा काचेच्या,
तळाशी ओलं गवत, जानेवारीतही हिरवं.
"पंचेचाळीस वॉट नुसती उष्णता होऊन वाया जातात,"
असं मीच माहितीपत्रकात छापलं होतं, ठळक अक्षरांत.

मागच्या दारच्या वाया जाण्यात
शेजारच्या सोरेन्सनांची मांजर बसायची, बाई म्हणाल्या,
आणि तोइवो, घरात सिगारेटला बंदी म्हणून,
तिच्या शेजारी उकिडवा, हातमोजे काढून.
"मला वाटायचं, मांजरीशी बोलतोय.
हात शेकत होता, लबाड."

दहा दिवे मी फावड्यानं मोकळे केले.
प्रत्येक वादळानंतर हे करावं लागेल, म्हटलं.
"बिल मात्र उतरलंय," त्या म्हणाल्या. खरं ते खरं.

अकराव्यासाठी गाडीतलं मागचं खोकं उपसलं.
जुने बल्ब टाकले नव्हते. का, ते विचारू नका.
बाईंनी न बोलता रुमाल आणून दिला.
इस्त्री केलेला.

रविवारी पुन्हा पडला, रात्रभर.
सोमवारी दुसऱ्याच कामाला निघालो होतो,
त्यांच्या मागच्या गल्लीत गाडी हळू केली.
मांजर नव्हती.
खळगा होता, वाफाळता,
आणि काठावर लहान बुटांचे दोन ठसे,
चवड्याशी खोल, टाचेकडे जेमतेम.