पायरी सहावी

यादीतली अकरावी रेसिपी व्लास्तिमिलची.
नावाला आठच अक्षरं मावतात,
त्यानं लिहिलंय: हळूच.

पाचशे वीसला नऊ तास मुक्काम,
मग ताशी तीन अंश उतार.
जाड काचेला घाई सोसत नाही.
भट्टीतून हसत निघते, आणि आठवड्यानं
टेबलावर बसल्या बसल्या तडकते.

इथवर कळतं.
पण पायरी सहावी:
तीनशे दहा, पन्नास मिनिटं, स्थिर.
का? ताण तर केव्हाच मिटलेले.
झेलेझ्नी ब्रोदमध्ये कुणालाच ठाऊक नाही.
वहीत त्या ओळीवर कॉफीचा डाग.

मार्चमध्ये मी ती पुसली.
वाडगे निर्मळ निघाले,
पोलरायझरखाली एकही रंग नाही.
गॅस वाचला म्हणून फोरमन खूश.

परवा पावाच्या रांगेत त्याची बायको म्हणाली,
उतार चालू असला की
झडप हातानं धरावी लागायची तेव्हा,
भट्टी सोडता यायची नाही.
तरी पहाटे घरी येऊन जायचा.
माझं इंजेक्शन असायचं ना.

आज पासवर्ड टाकला,
सहावी परत भरली.
फोरमनला काय सांगायचं, बघू.
माझ्या घरी कुणी नाही.
खिडकीशी उभी आहे,
तीनशे दहा,
आकडा हलत नाही.