तुटण्याच्या वेळा

डॉक्टर सांगत होते, 'डाव्या फुफ्फुसात, खालच्या बाजूला, एक—'
आणि कानात नुसती वाळू.

माझं काम हे असं:
तिकडे कोन्सेप्सिओनच्या दवाखान्यात कुणाची तरी छाती पडद्यावर चढते,
डॉक्टर बोलतात,
आणि मी इथे, किंचाओ बेटावर, चुलीशेजारच्या टेबलावर
ते लिहून काढते.
माणसाचं नाव दिसत नाही मला. नंबर दिसतो.
४४७१च्या डाव्या फुफ्फुसात एक
काय, ते समुद्रात पडलं.

येर्को, कंपनीचा पोरगा, फोनवर:
'नेलिदाबाई, बंद करून चालू करा.'
केलं.
'तीस सेकंद थांबलात?'
तीस कसले, पार आमेनपर्यंत थांबले.
'राउटर चुलीमागे तर नाही ना?'
होता.
खिडकीत आणला, लोकरीच्या गुंड्यांत बसवला,
एखाद्या संतासारखा.
तरी तेच.
मग फेरीबोटीनं नवा राउटर आला, पाच दिवसांनी, ओला खोका.
दुखणं म्हशीला, इंजेक्शन पखालीला.

तेव्हा येर्को जरा खालच्या आवाजात म्हणाला,
'वायफाय विसरा. केबल लावा, आणि राउटरला हाक मारा.'
राउटरनं लगेच ओ दिली. एक मिलिसेकंद.
'आता त्याच्या पुढे.'
पुढे कुणी नव्हतं.

म्हणजे घर धडधाकट आहे, येर्को.
तुटतंय ते घराबाहेर,
छपरावरच्या छत्रीपासून पल्याडच्या टेकडीवरच्या मनोऱ्यापर्यंत,
जिथं तार नाही, नुसती हवा,
आणि खाली खाडी.
'वेळा लिहून ठेवाल?' तो म्हणाला. 'वही असेल ना?'

वही होती. बटाट्यांच्या हिशेबाची.
सोमवार, नऊ दहा. पंचवीस मिनिटं.
मंगळवार, दहा.
बुधवार, दहा पन्नास. ऊन, वारा नाही.
गुरुवारी पाऊस, पण पावसाचा दोष नाही, अकरा चाळीस.
शुक्रवार, साडेबारा. पाव जळला.

एलेउतेरिओ करवत परत द्यायला आला.
ही करवत त्यानं मार्चमध्ये नेली होती.
चष्मा लावत नाही तो, वही हातभर लांब धरली,
म्हणाला, 'भरतीच्या वेळा लिहून कशाला ठेवतेस?
मला विचारायच्या.'

मी फोन केला. येर्को गप्प.
इतका गप्प, की वाटलं परत तुटलं.
मग हसायलाच लागला.
'भरती आली की पाण्याचा आरसा बरोबर त्या उंचीला येतो, बाई.
एक लहर सरळ येते, दुसरी पाण्यावर आपटून,
आणि दोघी एकमेकींना पुसून टाकतात.
पुस्तकात वाचलं होतं. कधी भेटलं नव्हतं.'

छप्पन्न वर्षं हे पाणी माझ्या दारात आहे.
शिंपले वेचायला कधी उतरायचं, झोपेत सांगेन.
आणि पंधरा दिवस मी विचारत बसले,
पाणी कुठं मुरतंय.

छत्री अडीच मीटर खाली आणली, कोठाराच्या भिंतीला,
तिथून टेकडी दिसते पण पाणी दिसत नाही.
एलेउतेरिओनं शिडी धरली, शिवाय सल्ले दिले, न मागता.
फोनवर येर्को: 'डावीकडे. थोडं. केसभर अजून. बास, श्वास घेऊ नका.'

शनिवारी एक वीसला पाणी कुंपणापर्यंत चढलं.
मी राउटरकडे बघत होते. हिरवा.
पाणी उतरलं. हिरवा.

४४७१चं वाक्य दुसऱ्या कुणीतरी पुरं केलं असेल.
मला कळायचं नाही.
'५०२३,' डॉक्टर म्हणाले, 'दोन्ही फुफ्फुसं स्वच्छ,'
पूर्णविरामासकट.
बाहेरून एलेउतेरिओ ओरडत होता,
शिडी ठेवू की नेऊ?