बुडाला भोक

मी त्यांचं नाव घेत नाही.
त्यांनी मात्र एक नाव घेतली
शिरपूरच्या लिलावात, किलोवर,
तहसीलची जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोट.
अंगावर ‘शोध व ब’ एवढंच उरलेलं,
पुढचं ‘चाव’ कुठल्याशा पुरात घासून गेलेलं.

तीस वर्षं मिस्त्रींनी मोटारी भरल्या,
तापी उचलून
लोकांच्या केळीत, पपईत टाकली.
आता म्हणतात,
फार ढकललं पाण्याला,
एकदा पाण्याने आपल्याला ढकलावं.

दगा भोई ओट्यावर टेकला.
त्याच्या इंजिनाचा पंखा दर उन्हाळ्यात तुटतो,
सारंगखेड्याच्या खाली खडक
गुडघाभर पाण्यात दबा धरून असतात,
वाचलं तर जलपर्णी आहेच.
मिस्त्रींनी फरशीवर खडूने काढून दाखवलं:
पंखा बाहेर नाहीच. पोटात.
खालून पाणी प्यायचं, मागून फेकायचं.
दगाने तंबाखू गालात सारली.
“होडीले भोक पाडस का कोणी, मिस्त्री?”

मे महिना. दिवसा पत्र्याला हात लागत नाही
म्हणून काम रात्री, आणि टॉर्च माझ्याकडे.
जळालेल्या व्हॅनचं इंजिन दोंडाईच्याहून आलं
गोणपाटात गुंडाळून, बाळंतिणीसारखं जपत.
गनमेटलचा इंपेलर दोनदा ओतावा लागला,
पहिल्यात हवा राहिली होती,
मिस्त्रींनी बोटाने टिचकी मारून ऐकली.

भोक पाडायच्या रात्री
ते बराच वेळ बोटीखाली नुसते पडून राहिले.
मला वाटलं, झोप लागली.
मग ग्राइंडर.
कापलेला लांबट तुकडा माझ्या पायाशी पडला,
कढत. निवल्यावर मी तो घरात नेला,
अजून कुठल्याच डब्यावर बसत नाही.

मागे जायचं तर नोझलवर एक वाटी हवी,
पाण्याला उलटं तोंड द्यायला.
मिस्त्री स्वयंपाकघरात आले
आणि माझ्या जर्मनच्या टोपाकडे बघत राहिले.
खळ्यावरच्या भरिताचा टोप,
सासूच्या हातचा, बोटभर जाड.
मी म्हटलं, अर्धाच.

शहाद्याचा अकील आर्गॉन घेऊन आला,
इंचावर पैसे घेणारा, कमी बोलणारा.
काच डोळ्यांवर ओढली, टोप बोटीला लावला,
म्हणाला, धातू एकच आहे, काकू.
जणू सोयरीक सांगतोय.

नदीत उतरवली तेव्हा काठावर माणसं होती,
ती मोजायला मला वेळ नव्हता.
पाण्याचा पांढरा दांडा मागे सुटला,
दगाची वाळत घातलेली जाळी भिजली.
खडकांवरून गेलो. खाली खडक दिसत होते,
म्हशींच्या पाठींसारखे, एकही लागला नाही.
मिस्त्री हसले तेव्हा त्यांचा पडलेला दात
मी बऱ्याच दिवसांनी पाहिला.

रेस दिली तरच ही वळते,
सोडली की सुकाणू नुसतं हातात.
हे त्यांनीच मला तीनदा सांगितलेलं.
पण समोर बंधाऱ्याची भिंत आली
आणि त्यांच्या हाताने रेस सोडली.
बोट सरळ, शांत, भिंतीकडे.

मी ओरडले, “लोटन!”

तेहतीस वर्षांत पहिल्यांदा.
त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं,
मग रेस दिली.
बोट इतक्या जोरात वळली
की माझी एक चप्पल तापीला गेली.

परतताना कोणी काही बोललं नाही.
ग्लँडच्या दोरीतून पाणी येत होतं.
“थोडं झिरपतं,” ते म्हणाले.
मी टोपाचा उरलेला अर्धा
पिशवीतून काढला आणि उपसायला बसले.