हन्नेरडु

ड्राइव्ह आहे, अडॅप्टर नाही.
घर बदलताना कुठल्याशा खोक्यातनं गेला.
आत अकरा वर्षांची लग्नं,
खानापूर, नंदगड, पार हलशीपर्यंतची.
सातेरी गुरवाची बायको तीनदा येऊन गेली,
"तेवढा एक फोटो काढून द्या की."

बेळगावात, खडेबाजारच्या पोटगल्लीत हिरेमठाचं दुकान.
टोपलीभर अडॅप्टर, वायरी एकमेकींत गुंतलेल्या:
मेलेल्या राउटरांचे, प्रिंटरांचे,
कुणाच्या तरी टीव्हीच्या डब्याचे.
एक उचलला. पिन अशी बसली की वाटलं, हाच.
"पिन बसली म्हणून लावूलायस काय?
एकोणीसचा हाय तो. धूर निघंल."

चष्मा कपाळावरनं खाली.
ड्राइव्हच्या पोटावर मुंगीएवढी अक्षरं,
शेजारी चित्र: ठिपका, भोवती अर्धं कडं,
अधिक ठिपक्याला.
"हन्नेरडु," तो म्हणाला.
"बारा," मी म्हणालो.
मीटर म्हणालं, बारा पॉइंट एक.

"व्होल्ट तेवढाच पाहिजे, त्यात घासाघीस नाही.
अँपिअर दोनाच्या जागी तीन असू दे,
लागंल तेवढंच घेतंय ते."
घासाघीस किमतीत झाली. एकशे ऐंशीचे दीडशे.

रात्री लावला. आधी नुसतंच टक्, टक्,
मग गिरणीचा पट्टा धरतो तसं
आत काहीतरी फिरू लागलं.
सापडला. जेवणाची पंगत,
मागच्या रांगेत सातेरी, हातात बुंदीची परात,
कॅमेऱ्याकडं लक्षच नाही,
कुणाला तरी वाढतोय, तो माणूस
पानावर आडवा हात धरून नको म्हणतोय.

अडॅप्टरला हात लावून बघितला.
कोमट. ठीक.