दहा रुपयांहून जास्त

ग्रामसेवकानं कागद दिला, पत्रा दिला,
निळ्या रंगाचा अर्धा डबा दिला.
म्हणाला, इस्तारी, सोमवारच्या आत घाटावर लागलं पाहिजे.
जत्रा उठल्यापासून
पोट्टे यंत्र घेऊन रेतीत फिरतात,
कोणीतरी वर अर्ज केला होता.

वैनगंगेच्या रेतीत मी मांडी घालून बसलो.
नियम एक : परवानगीशिवाय धातुशोधक यंत्र वापरू नये.
श मला कधीच नीट जमत नाही,
पोटाशी वाकतो,
ओझं उचलल्यासारखा.

नियम दोन : खड्डा वीतभर. खणला तर बुजवावा.
पलीकडं ठेकेदाराचं पोकलेन
रातभर दोन पुरुष खोल जातं.
पण ते रेतीच शोधतं, धातू नाही,
त्याला हा नियम लागत नसावा.

नियम तीन : सापडलेली वस्तू
दहा रुपयांहून जास्त किमतीची असल्यास
जिल्हाधिकाऱ्यांस लेखी कळवावे.
दहा रुपये.
साधा खर्रा वीसला झाला, साहेब.

खाली, गुडघाभर पाण्यात
फुलवंता सोनझारे लाकडी पाटीत रेती घोळत होती.
"बाबू, माया पाटीचं काई लिवलं का त्याच्यात?"
नाही, म्हटलं.
"वाजत नाई ना ते. म्हून."
सोनं सापडते का पण?
"सापडते नं. मुंगीच्या डोयाएवढं.
दहाच्या वर गेलं का खाली, ते सोनाराले मालूम.
त्यानं मले कई सांगतलं नाई."

नियम चार : स्मशानघाटाखाली शोध घेण्यास सक्त मनाई.
इथं ब्रश सुकत राहिला.
आईच्या तोंडात आम्ही एक मणी ठेवला होता, सोन्याचा,
राख सावडताना मिळाला नाही.
राख नदीत सोडली, मणी तिच्यासोबत गेला असणार,
आणि फुलवंताची पाटी तेव्हाही
इथंच, या वाकणावर फिरत होती.
मी विचारलं नाही. तिनंही नाही.
दर दिवाळीला ती घरी येते,
माझ्या पोरीच्या हातावर पाच रुपये ठेवून जाते.

तेवढ्यात नितेश कोहळे यंत्र घेऊन आला.
कानाला डबे, मनगटाला पट्टा, परवानगी नाही.
माझ्या ओल्या पत्र्याजवळ यंत्र किंचाळलं.
अरे, हा नवा पत्रा आहे, म्हटलं, दूर हो.
तो चार पावलं दूर झाला. तरी किंचाळलं.

वीत संपली, हात संपला,
कोपरापर्यंत रेती गेली,
मग एक पत्रा वर आला, गंजून पापुद्रा झालेला,
त्यावर निळं काहीतरी.
ये पाणी खो आहे.
पोह   स सक्त
आणि खाली, धडधाकट : आदेशावरून.

श पोटाशी वाकलेला होता.
ओझं उचलल्यासारखा.
बाबांना हा रंग कोणी दिला, किती दिला,
अर्धा डबा की पूर्ण,
ते आता कोण सांगणार.
जिथं पाणी खोल होतं
तिथं बकऱ्या बसल्या होत्या.

"काका, हे कळवा लागते का कलेक्टरले?"
मी टिचकी मारली. कोपरा तुटून पडला.
भंगारात सात रुपये, म्हटलं.
लय झाले तर आठ.
खड्डा बुजव.

त्यानं पायानंच रेती लोटली.
मी पत्रा टॉवेलात गुंडाळून सायकलला बांधला,
आणि नव्या पाटीकडं परत आलो.
नियम पाच सूर्य मावळल्यानंतरचा होता.
त्याला जागाच उरली नव्हती.