मुख्य काम

कर्वे रस्त्यावरचं कॉलेज, दुसरा मजला.
शेगड्या केव्हाच काढून नेल्या; उरलेल्या ओट्यावर
मी राष्ट्रीय पाहणीचा तक्ता पसरते.
अर्ध्या-अर्ध्या तासाचे अठ्ठेचाळीस चौकोन.
म्हटलं, घरी जा, आईचा एक दिवस भरून आणा.

सोमवारी तन्वीर म्हणाला, वर्गातला एकुलता मुलगा,
"अम्मीचे तास एकोणतीस होतायत."
सगळे हसले. मीही.
मग सूचना वाचून दाखवली :
एका वेळी दोन कामे असल्यास फक्त मुख्य लिहावे.
"ती शिट्ट्या मोजत धाकटीचे पाढे घेते.
मुख्य कुठलं, मॅडम?"
मी खडू शोधायला वळले.
खडू हातातच होता.

दीपाली घोणे जनता वसाहतीतून येते.
तिची आई सकाळी नारायण पेठेत
पोळीभाजी केंद्रावर लाटते दोनशे,
संध्याकाळी घरी सोळा.
दोनशे गेल्या रोजगारात,
सोळा गेल्या बिनपगारी घरकामात.
"पीठ तेच, मनगट तेच," दीपाली म्हणाली,
"पण रात्री दुखतं
ते कुठल्या रकान्यातलं?"

परीक्षेत सरासरी विचारतात.
ती काढायला शिकवलीच मी, दशांशासकट.

आता तक्ते संगणकात भरतेय.
दीपालीच्या कागदावर सात ते आठ कोरं.
तिथे तेलाचा डाग पडलाय,
पेन्सिल उठत नाही.
यंत्र मात्र रिकामा चौकोन घेत नाही,
काहीतरी भरा म्हणतं.
बोट कळीवर ठेवून
मी बसून आहे.