रंगाचे पैसे

मॉस्कोत मी अकरा महिने दुसऱ्यांच्या भिंती गुळगुळीत करतो.
लांबी भरायची, घासायची, पुन्हा भरायची,
आणि घर राहण्याजोगं झालं की
जोडे हातात धरून मागच्या जिन्याने उतरायचं.
बारावा महिना माझा. तो शाळेचा.

नारिनच्या वर, जिथे रस्ता संपून नुसती चाकोरी उरते,
तिथे ऑगस्टात दर घरामागे एक माणूस लागतो.
कुणी चुना आणतं, कुणी शिडी,
ओमूरझाकच्या घरातून फक्त रस्सा येतो, तोही चालतो.
वर पांढरं, खाली निळं,
मध्ये बोटभर तपकिरी पट्टी.
ती सरळ आली की कालिपा-एजे किल्ल्यांचा जुडगा वाजवते:
आता पोरं आली तरी हरकत नाही.

यंदा अकरा डब्यांचे पैसे जमले
आणि जिल्ह्याचं पत्र आलं :
अठ्ठावीसला समिती येईल,
दर्शनी भाग रंगवलेला असावा.

एजेने पत्र घडी करून डळमळत्या टेबलाच्या पायाखाली सारलं.
"सूयुन, वर चल."

माळ्यावर सतरा भांडी होती.
घमेली, बादल्या, एक बाळाचं न्हाणं,
लग्नातली कढई, तिचा एक कान तुटका.
मार्चात बर्फ वितळायला लागलं की
ही बाई रात्री कंदील न लावता इथे बसते
आणि आवाजावरून सांगते :
हे सहावीचं, भरत आलं.
हे रसायनाच्या खोलीचं, अजून तासभर.
हे नवीन आहे.

"रंगाचं काय," ती म्हणाली,
"तोंड धुतल्यासारखं. हिच्या तर पोटात पाणी झालंय."

आम्ही अकरा डब्यांचे पत्रे आणले.
खिळे, डांबर, एक पन्हळ.
नऊ दिवस छपरावर पाठ भाजली.
खाली बायका खिडक्या पुसत होत्या, वर बघून
काही बोलत नव्हत्या, म्हणजे बोलत होत्या.

अठ्ठावीसला गाडी आली.
साहेबाने दाराशी उभं राहून भिंत पाहिली,
गेल्या वर्षीचा निळा, उन्हाने पोपडे धरलेला.
पैसे कुठे गेले?
एजेने वर बोट दाखवलं. शिडी तिथेच होती.
साहेबाने शिडी पाहिली, मग आपले बूट,
आणि लिहिलं : दर्शनी भाग असमाधानकारक.
त्याखाली तिने सही केली,
शाळेत गिरवतात तशा वळणदार अक्षरात,
एकही वेलांटी न चुकवता.

उरलेल्या अर्ध्या डब्यात एक चौकट भागली असती.
सहावीच्या खिडकीची मी खरवडायला घेतली.
निळ्याखाली हिरवा, हिरव्याखाली तो जुना,
हॉस्पिटलात असतो तसला पिवळा,
आणि पिवळ्यात रुतलेला एक काळा केस.
घोड्याच्या शेपटीचा.
वडील ब्रश घरीच बांधायचे,
आणि तो नेहमी गळायचा.

असा केस चिमट्याने उपटायचा असतो.
मॉस्कोत मी उपटतो, नाहीतर मुकादम पैसे कापतो.
इथे मी त्याच्यावरून हलक्या हाताने निळा फिरवला.
आता तिथे बोट फिरवलं तर लागतं,
दिसत मात्र नाही.

मार्च.
एका चोविसाव्या मजल्यावर, कोपऱ्यात उकिडवा,
मी लांबी कालवत होतो. फोन थरथरला.
एजेला लिहायचा कंटाळा, ती आवाज पाठवते.
लावला. एक मिनिट सात सेकंद.
आधी शिडीची करकर, तिची धाप,
मग काहीच नाही.
कानाला घट्ट लावला. वाढवला.
बाजूच्या ताजिक पोराने मशीन बंद केलं : काय म्हणते?

मी हात वर केला, थांब,
अजून बावीस सेकंद आहेत.